त्सुयाताईंचा शिक्का

नगरकचेरीतला निशिगाकी गेल्या महिन्यात माझ्या दारात आला. "किनुए मावशी, आपल्या शिराउराची ओळख लिहून द्या. एकच पान. समुद्र, माणसं, खाणंपिणं, गावाचं वैशिष्ट्य. पुस्तिका काढतोय आम्ही, बाहेरून कुणी राहायला यावं म्हणून."

"आहेत ती टिकत नाहीत आणि हे नवीन बोलावतायत," मी म्हटलं.

तो हसला. बिचाऱ्याला काय ठाऊक मी कुणाबद्दल बोलतेय ते. पस्तीस वर्षं मी टपालाच्या खिडकीत बसले, म्हणून गावाला वाटतं हिला लिहिता येतं. खरं तर मला फक्त शिक्के मारता येतात. जाता जाता निशिगाकी म्हणाला, "लिहून झालं की पाटीवर लावून आळीत फिरवा. सहाही घरांचे शिक्के पडले की छापायला देऊ." पाटी म्हटल्याबरोबर मी दार ओढून घेतलं.

तरी बसले लिहायला. 'शिराउरा. वस्ती आठशे बारा.' एवढं लिहिलं आणि हात थांबला. वर्षभरात गावातून किती गेले, किती जन्मले, ते कचेरीला विचारा. पण जी वजाबाकी झाली, त्यातलं एक माणूस माझ्यामुळे वजा झालंय. ते न सांगता मी गावाची कसली ओळख लिहू, डोंबल?

तर आधी तेच सांगते.

आमच्या आळीत सहा घरं. साफसफाईचा दिवस असो, कुणाचं दुखणं असो, सगळ्या सूचना एका पुठ्ठ्याच्या पाटीला अडकवून घरोघर फिरतात. वाचायचं, आपल्या नावाच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी नेऊन द्यायची. हातात द्यायची. दारात ठेवून पळणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही. माझ्यानंतरचं घर त्सुयाताईंचं, त्यांच्यानंतर इवासे वहिनींचं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हाच क्रम. पाटी द्यायला म्हणून जायचं आणि तासभर चहा पीत बसायचं, असं आमचं चाळीस वर्षं चाललेलं.

त्सुयाताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. तेव्हा एक्क्याऐंशीच्या होत्या. नवरा गेलेला, मुलगा कोहेई नागोयाला. कानांनी ठार बहिऱ्या. यंत्र होतं, पण ते कपाटात. "कानात शिट्टी वाजते मेली," म्हणायच्या. गावचा भोंगा त्यांना ऐकू यायचा नाही, दारावरची घंटा ऐकू यायची नाही. म्हणून त्यांनी एकसारखे दोन शिक्के करून घेतले होते. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पार्सलवाला सरळ माझ्याच दारी यायचा आणि मी त्यांच्या नावाचा शिक्का मारून पार्सल ठेवून घ्यायची. करंगळीएवढा लाकडाचा तुकडा, पण सहीच ती. दुसऱ्याच्या हातात आपला शिक्का देणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. टपालाच्या खिडकीत जन्म घालवलेल्या बाईला तर कळायलाच हवं.

मार्चमध्ये आमचा किनारा उघडतो. खडकांवर हिजिकी वाढते, काळं खायचं शेवाळ, तिला एरवी हात लावायचा नाही. ओहोटी आणि हवा बघून मच्छीमार संस्थेचे ओकिमोतो तीन दिवस आधी दिवस ठरवतात. त्यांची शिट्टी वाजली की दोन तास कापायचं, रस्त्यावर पसरून वाळवायचं, मग ती वर्षभर पुरते. प्रत्येक घरातलं एक तरी माणूस त्या दिवशी खडकावर उतरलंच पाहिजे. मूठभर कापलं तरी चालतं. पण लागोपाठ तीन वर्षं घर उतरलं नाही, तर संस्थेच्या शेडमध्ये टांगलेली त्या घराच्या नावाची लाकडी पट्टी खाली काढतात. मग त्या घराचा आणि किनाऱ्याचा संबंध संपला.

त्सुयाताईंची दोन वर्षं चुकली होती. एका वर्षी खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या वर्षी नेमकं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. कोहेई तर आईच्या मागेच लागलेला, चल माझ्याकडे म्हणून. शेवटी नव्या वर्षाच्या सणाला तो आला, तेव्हा मायलेकांत ठरलं. मी तिथेच शेगडीवर तांदळाच्या वड्या, मोची, भाजत होते.

"आपल्या घराची पट्टी टांगलेली आहे तोवर मी इथे," त्सुयाताई म्हणाल्या. "ती उतरली की तू म्हणशील तिथे येते. तोंडातून शब्द काढणार नाही."

"नक्की ना?" कोहेई म्हणाला. "मग रडायचं नाही हं."

"तू लहानपणी रडायचास, मी नाही! आणि किनु, ती मोची जळतेय. तुझं लक्ष कुठंय?"

सगळा हिवाळा त्यांनी काठी घेऊन समुद्राकडच्या पायऱ्या चढण्या-उतरण्याचा सराव केला. चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत. मी रोज वरून बघायची. त्या खालून ओरडायच्या, "नाहीच जमलं तर बुडावर घसरत जाईन, पण जाईन!" अख्ख्या खाडीला ऐकू जायचं.

आता माझा राग. तो इतका फडतूस होता की सांगायची लाज वाटते.

फेब्रुवारीत आळीच्या तोंडाशी भाजीची गाडी आली होती. आम्ही पाच-सहा बाया उभ्या. इवासे वहिनींनी त्सुयाताईंना काहीतरी विचारलं आणि ताई वाकून तिच्या कानात म्हणाल्या, म्हणजे त्यांना वाटलं की कानात, "किनुची हिजिकी? नको गं बाई! दाताखाली वाळू येते." ठार बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं ते. गाडीवाल्यासकट सगळे खो खो हसले. आमच्या गावात एखाद्या बाईच्या हिजिकीत वाळू आहे म्हणणं म्हणजे ती आंघोळ करत नाही म्हणण्यासारखं आहे. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! कोबी तसाच टाकून घरी आले. आणि सगळ्यात वाईट काय, तर ते खरं होतं. माझी नजर कमी झालीय, मला वाळू दिसत नाही. किनारा चुकला ती दोन वर्षं त्सुयाताईंनी मी दिलेली ती वाळू मुकाट खाल्ली होती, मला कधी तोंडावर बोलल्या नव्हत्या.

हे मला आज कळतं. तेव्हा मी तीन आठवडे त्यांच्या दारात पाय ठेवला नाही.

त्या वर्षी आळीची प्रमुख मीच होते, म्हणजे पाटी माझ्याच घरून निघायची. गुरुवारी ओकिमोतोंकडून निरोप आला, रविवारी साडेदहाला किनारा उघडणार. सूचना मीच हाताने लिहिली. लागोपाठ तीन वर्षांचा नियमसुद्धा मीच लिहिला, खाली लाल रेघ मारली. मी नियम विसरले होते असं मी मनाला फार वेळा सांगून बघितलं. नाही पटत. रेघ माझ्याच हातची आहे.

पाटी घेऊन शेजारी जायचं, तर गेले नाही. चपलांच्या कपाटावर ठेवून दिली. म्हटलं, बसू दे वाट बघत. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी इवासे वहिनींचा फोन.

"अहो किनुएबाई, उद्या किनारा म्हणे! माझा नवरा खालून ऐकून आला. पाटी कुठे अडकली?"

"येतेच आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. आळीची प्रमुख आणि दोन दिवस पाटी घरात दाबून बसली, हे चार घरांत कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी माझा शिक्का मारला. मग खणातून त्सुयाताईंचा काढला, शाईला लावला आणि त्यांच्या चौकोनात मारला. सरळ, ठसठशीत. हाताला पस्तीस वर्षांची सवय. पाटी घेऊन त्यांच्या दारावरून पुढे गेले आणि इवासे वहिनींच्या हातात दिली.

मनात म्हटलं, संध्याकाळी तोंडी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या जाता जाता सांगू.

रविवारी सकाळी मी विळा आणि जाळीच्या पिशव्या घेऊन निघाले. त्सुयाताईंच्या फाटकाशी थांबले. आत टीव्ही मोठ्याने लागला होता. पायरीवर त्यांचे रबरी बूट धुऊन ठेवलेले, त्यावर धार लावलेला विळा आडवा. आठवडाभर ते तसेच होते, तयारीत. मी फाटकाला हात लावला, अगदी कडी उचलली. आणि मनात आलं, येईल दुपारी बाहेर आणि बघेल सगळं आटोपलेलं, मग कळेल वाळू कशी लागते. कडी परत खाली टाकली. वर आणखी एक, चांगला खडक दुसरं कुणी धरेल याचीही घाई होती. एवढं सगळं त्या एका कडीपाशी माझ्या मनात आलं आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

खडकावर इवासे वहिनींनी विचारलं, "त्सुयाताई?"

"येतील," मी म्हटलं.

"मी हाक मारणार होते. पण म्हटलं तुम्ही शेजारच्या, तुम्ही मारली असेलच."

शिट्टी वाजली. सगळी आळी वाकून कापायला लागली. दोन तास मी एकदाही पायऱ्यांकडे मान वर करून बघितलं नाही.

दुपारी रस्त्यावर हिजिकी पसरत होते. ऊन चांगलं होतं, आमच्या आळीचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा झाला होता. त्सुयाताई मागच्या वाफ्यात बटाटे लावून पुढे आल्या, हात मातीचे. फाटक उघडलं आणि पाय उचललेला तसाच राहिला. पुढे टाकायचा तर हिजिकीवर पडला असता.

"आज होतं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मला नाही कुणी..."

तेव्हा बोलले असते तर ओहोटी होती अजून. अजून अर्धा तास होता! त्यांना हाताला धरून नेलं असतं, मूठभर कापायचं होतं फक्त, ओकिमोतोंनी डोळे मिटून घेतले असते. पण इवासे वहिनी तिथेच उभी होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाटी आली होती की तुमच्याकडे! शिक्का आहे तुमचा!" मोठ्याने बोलावं लागतं ना त्यांच्याशी. म्हणजे खोटंसुद्धा मी ओरडून बोलले.

"माझा शिक्का?"

इवासे वहिनीने शेवटच्या घरातून पाटी आणली. त्सुयाताईंनी मातीचे हात कपड्याला पुसले, कागद डोळ्यांजवळ धरला. त्यांचा चौकोन, त्यांचं नाव, लाल शिक्का. खूप वेळ बघत राहिल्या. माझ्याकडे असलेला दुसरा शिक्का त्यांच्या मनातही आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी वाचलं. शिक्का मारला. आणि विसरले."



"आमच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. या वेळी खरोखरच हळू म्हणाल्या. "किनु, माझं डोकं चाललं गं."

इवासे वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. तिला काय कळलं, काय नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी खाली बसून हिजिकी उलटी करायला लागले, उलटायची वेळ झाली नव्हती तरी.

पुढच्या रविवारी संस्थेची बैठक. ओकिमोतो भला माणूस आहे. म्हणाला, "म्हातारं माणूस, कानांनी बहिरं. पाटी पोचलीच नसेल तर यंदाचं वर्ष आपण धरायचं नाही. कुणाची हरकत नाही ना?" कुणाचीच नव्हती. "किनुएबाई, तुम्ही प्रमुख. पोचली होती पाटी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्सुयाताईही बघत होत्या, माझे ओठ वाचायला.

"शिक्का आहे," मी म्हटलं.

दोन शब्द. पोचली असं म्हटलं नाही, शिक्का आहे म्हटलं. शिक्का तर होताच. अशी मी हुशार!

ओकिमोतो काही तरी वाट काढणार होता, पण त्सुयाताईच उठल्या. "चूक माझी आहे," मोठ्याने म्हणाल्या आणि कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला. "कागद हातात येऊन मी विसरले. नियम सगळ्यांना सारखा. उद्या मी शेगडी चालू ठेवून विसरेन आणि आळी जाळीन, त्यापेक्षा मुलाकडे गेलेली बरी." शेडमधली पट्टी त्यांनी स्वतःच खिळ्यावरून काढली. नवऱ्याने कोरलेली होती ती. पदराआड नेल्यासारखी छातीशी धरली आणि बाहीने तिच्यावरची धूळ पुसली.

ओकिमोतो नाक शिंकरत बाहेर गेला. मी खुर्चीवर बसून होते.

मी सांगायला गेले नाही असं समजू नका. सहा वेळा गेले. दर वेळी त्या खोकी भरत असायच्या आणि दर वेळी मला बघून खूश व्हायच्या, आपला तीन आठवड्यांचा अबोला संपला म्हणून. एकदा मी अगदी त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "ताई, तो शिक्का मी मारला."

"काय?"

"शिक्का..."

"शिक्का ना? असू दे तुझ्याकडेच. मी गेल्यावर मागाहून पार्सल आलं तर?"

बहिऱ्या माणसापाशी गुन्हा कबूल करून बघा कधी. हळू बोललं तर त्याला ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं तर सगळ्या आळीला ऐकू जातं. मला आळीची भीती वाटली. कागदावर लिहून दाखवता आलं असतं म्हणाल. हो, आलं असतं. टपालातली बाई मी, घरात कागदांचा ढीग. नाही लिहिलं.

एप्रिलमध्ये कोहेई गाडी घेऊन आला. आळी निरोपाला जमली. त्सुयाताईंनी खिडकीची काच खाली केली, मला जवळ बोलावलं.

"किनु, तुझी हिजिकी डब्यात घेतलीय बरं का."

"वाळू असेल त्यात!" मी ओरडले. लोक हसले.

"असू दे गं. तिकडे कुठली मिळायला आपल्या गावची वाळू?"

माझा हात त्या काचेवर होता. आत्ता बोल, आत्ता बोल, असं आतून कुणीतरी ढकलत होतं. मी म्हटलं, "जपून राहा!" गाडी वळणावरून गेली. घरी येऊन मी तोंडात बोळा कोंबून रडले, शेजारी ऐकू जाईल म्हणून. शेजारी कोण उरलं होतं ऐकायला?

मग त्यांची पत्रं यायला लागली. दर मंगळवारी एक पोस्टकार्ड. 'आज मंगळवार, चौदा तारीख. न्याहारीला भात, मिसोचं सार, सुका बांगडा, काकडीचं लोणचं. काल रात्री मुळा आणि स्क्विड. परवाचं आठवत नाही, हसऱ्या चेहऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात परवाचं कुणालाच आठवत नसतं, पण त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणतात.' पुढच्या आठवड्यात पुन्हा वार, तारीख, न्याहारी. डोकं शाबूत ठेवायला त्या रोज वहीत लिहीत होत्या आणि मंगळवारचं मला पाठवत होत्या, चुकलं तर कळव म्हणून. मला काय कळवायचं? वार बरोबर, तारीख बरोबर, अक्षर माझ्याहून चांगलं. सेहेचाळीस कार्डं आली. माझ्या खणात एकावर एक ठेवलीत, त्या शिक्क्याशेजारी.

तर निशिगाकीचा कागद समोर होता. समुद्र, माणसं, खाणंपिणं लिहायला अर्धं पान पुरलं. आमच्याकडे वारा कुठून येतो, मासे कुठले मिळतात, बस किती वाजता असते. मग 'गावाचं वैशिष्ट्य' असं लिहिलं आणि खाली लिहिलं, 'इथे पाटी शेजाऱ्याच्या हातात देतात. मागल्या मार्चमध्ये मी दिली नाही. त्सुयाताईंच्या चौकोनातला शिक्का मी मारला. त्यांना काहीही कळवलं गेलं नव्हतं, त्या काहीही विसरल्या नव्हत्या. राग वाळूचा होता. बैठकीत मला विचारलं तेव्हाही मी लपवलं. किनुए.' लिहायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दहा मिनिटांच्या कामाला मी वर्ष घातलं.

कागद पाटीला लावला. माझा शिक्का मारला. पुढचा चौकोन बघितला. कचेरीतून छापून येणारा तो जुनाच कागद, त्यात अजून त्सुयाताईंचं नाव होतं. घर बंद, माणूस नागोयाला, पण क्रमात नाव होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघाले. मग दोन गाड्या बदलल्या. पाटी फडक्यात बांधून मांडीवर, शिक्का पाकिटात.

पाचव्या मजल्यावर कोहेईचं घर. तो कामावर गेला होता. दार त्सुयाताईंनीच उघडलं, कानात यंत्र नव्हतं म्हणून मी वीस मिनिटं घंटा वाजवून मग दार बडवलं. मला बघून टाळी वाजवली त्यांनी. "अगं बाई, किनु! आज मंगळवार नव्हे, गुरुवार! बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं आणि दोन्ही हातांनी पाटी पुढे केली.

"हे काय? पाटी? इथे?" हसत हसतच घेतली. टेबलाशी बसून भिंग काढलं. समुद्राचं वाचताना मान डोलवत होत्या, बसची वेळ वाचून म्हणाल्या, "ही बदलली वाटतं." मग खाली आल्या. भिंग एका ओळीवर थांबलं, मागे गेलं, पुन्हा त्याच ओळीवर आलं.

मी जमिनीवर कपाळ टेकून बसले होते. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. नखं नीट कापलेली, मोजे पांढरे. इथे माती कुठली?

"म्हणजे मी विसरले नव्हते," वरून आवाज आला.

"नाही."

"काय?"

"नाही विसरला तुम्ही!" मी ओरडले. "काहीच विसरला नाहीत! मी केलं, सगळं मी केलं!" शेजारच्या घराचं दार उघडल्याचा आवाज झाला. होऊ दे म्हटलं.

 मान वर केली तर त्सुयाताईंच्या पुढ्यात ती वही होती, रोज न्याहारी लिहायची. त्या एकेक पान उलटत होत्या. सगळी पानं भरलेली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसतही नव्हत्या.

"रोज सकाळी उठले की आधी स्वतःचं नाव म्हणून बघायची मी," त्या म्हणाल्या. "नाव आठवलं की मग पाय खाली टाकायची. वर्षभर." वही मिटली. "वाळूवरून?"

"हो."

"एवढ्याशा वाळूवरून."

मी सरळ बसले. म्हटलं, "ताई, परत चला. ओकिमोतोंना मी सांगते, सगळ्यांसमोर सांगते. पट्टी परत टांगतील. पुढच्या आठवड्यात किनारा उघडेल."

त्यांनी ओठ वाचले. मग आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. "मागल्या वर्षी चौऱ्याण्णव पायऱ्या उतरत होते मी. तू वरून बघायचीस. इथे आल्यापासून एक पायरी उतरले नाही. लिफ्ट आहे ना." काठी धरून त्या उठल्या, उठायलाच त्यांना टेबल धरावं लागलं. "आता ते पाय गेले, किनु. डोकं राहिलं आणि पाय गेले."

त्या क्षणी त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, काठी मारली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"शिक्का."

मी पाकिटातून काढून दिला. त्यांनी शाईची डबी आणली, शिक्का बुडवला, आपल्या नावाचा चौकोन भिंगातून शोधला आणि दाबून मारला. थोडा तिरका आला. त्यावर फुंकर घातली. मग तो शिक्का माझ्याकडे न देता स्वतःच्या खिशात टाकला आणि वरून खिसा चाचपून बघितला.

चहाचं विचारलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाटी घेऊन गेले आणि चहा मिळाला नाही.

दारापर्यंत आल्या. पाटी माझ्या हातात दिली.

"जा आता," त्या म्हणाल्या, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "आधीच उशीर झालाय. इवासे वाट बघत असेल. आणि हे बघ, दारात ठेवून येऊ नकोस. तिच्या हातात दे."